दोनदा येणारा तास

तार्तूमध्ये एका वस्तीचं नाव सूपवाडी,
तिथल्या गल्ल्या भाज्यांच्या: वाटाणा, घेवडा, बटाटा.
बटाटा गल्लीत, लाकडी घराच्या माळ्यावर
हेल्वे कुर्वित्स राहते.
दिवसा दूध डेअरीचे हिशेब,
संध्याकाळी आईच्या गोळ्या, आईचे पाय चोळणं,
आणि आई एकदाची झोपली की
जगाची घड्याळं.

म्हणजे असं, की विमानाची तिकिटं,
इस्पितळातल्या पाळ्या, कुणाच्यातरी पगाराची तारीख
ज्या चार हजार ओळींवर टेकून उभी आहे
त्यातल्या निम्म्याहून जास्त तिच्या.
फुकट. कुणीही न्याव्यात.
कुणीही यावं, असंही म्हणतात, दार सताड उघडं आहे.
खरंच आहे, दाराला कडी नाही.
पण दारापर्यंत चालत यायला जो वेळ लागतो
तो कुणाच्या घरात किती उरतो
हे दाराला कसं कळावं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
तिथे पहाटे चारच्या ठोक्याला पुन्हा तीन वाजतात.
एक तास दोनदा येतो.
प्रोग्रामांची नेमकी तिथेच गाळण उडते:
तीन वाजून दहा मिनिटं,
पण कुठली? आधीची की नंतरची?
हेल्वेनं तो गुंता सोडवला त्याच तासात,
दुसऱ्या खेपेच्या.
वर्षातला तेवढा एकच तास
तिच्याकडे कुणी मागितलेला नव्हता.

तिच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द: ता.
सही करायची ती नुसतं 'ह. कुर्वित्स'.
लपायचं म्हणून नव्हे,
डेअरीच्या पावत्यांवर लागलेली सवय.
ड्रेस्डेनहून कुणी लिहिलं,
या गड्यानं आमची रात्र वाचवली, त्याला कुणीतरी बिअर पाजा.
कुरितिबाहून, भावा, मानलं तुला.
अकरा वर्षं तिनं ते दुरुस्त केलं नाही.
ती दुसऱ्या चुका दुरुस्त करत होती.

मग कुठल्याशा परिषदेच्या यादीसाठी फोटो मागितला.
तिनं दिला.
पुढच्याच महिन्यात, पहिल्यांदा, विचारणा आली:
हे नीट तपासलंय ना? कुणाला दाखवून घेतलंत?
प्रश्न सभ्य होता. उत्तरही तिनं सभ्य दिलं.
मग रात्रभर स्वतःचाच जुना कोड वाचत बसली,
आपल्याच घराची कुलपं
पुन्हा पुन्हा ओढून बघावीत तशी.

कुताइसीहून तेओनाचं पत्र त्यानंतरचं.
आदरणीय सर, माहितीपत्रकात एक स्वल्पविराम चुकलाय बहुतेक.
एका स्वल्पविरामासाठी सात वेळा क्षमा.

हेल्वेचं उत्तर मराठीत आणायला घेतलं.
सुरुवात सोपी होती: वाचलं, तपासलं, जोडलं.
आपलं क्रियापद अशा वेळी केलेल्या कामाकडे बघतं,
करणाऱ्याकडे ढुंकूनही नाही.
किती निवाऱ्याची जागा, वाटलं,
या एवढ्याशा 'लं'च्या मागे
बाईला एक आयुष्य काढता येईल.
पण पुढची ओळ होती:
पहिल्या वेळी मीही फार

आणि इथे मराठी अडली.
घाबरलो? घाबरले?
एका कान्याचा फरक.
तिच्या भाषेत हा प्रश्नच नव्हता,
इंग्रजीत लिहिलं होतं तिनं, तिथेही टाळता आला असता.
खाली मात्र होतं:
सर म्हणू नकोस, मी बाई आहे.
आई उठलीय, मला जावं लागेल.
स्वल्पविराम तुझ्या नावावर लावलाय, पूर्ण नावावर.
पुढची चूक शोध.

तो काना खोडला.
मग वर जाऊन हे सगळं पहिल्यापासून वाचलं,
आणि लक्षात आलं,
इतका वेळ त्या 'लं'च्या आडोशाला
मीही होते.